बिऱ्हाड हलविण्याची किंमत

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ या कलमाचा आधार घेऊन ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा सारी चर्चा ‘टिकटॉक’भोवती फिरत राहिली. गावोगावच्या हौशी नकलाकारांचे आता काय होणार, हा प्रश्न रंजक होता आणि तो चवीने चघळलाही गेला. त्याच यादीत ‘कॅमस्कॅनर’ हे एक नाव होते. त्याच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही. वस्तुतः कचेरीत आणि शाळेत खरी अडचण झाली ती या नावामुळे. टाळेबंदीने शाळा बंद होत्या, मुलांच्या वह्या फोनवरून येत होत्या, आणि दाखले, गुणपत्रके, औषधांची बिले यांच्या नकला फोनच्या कॅमेऱ्याने काढून पाठविण्यासाठी असंख्य शिक्षक व कारकून याच ॲपवर विसंबून होते. ज्यांनी अशी प्रत्येक नक्कल तयार होताच पीडीएफ फायलीच्या रूपाने फोनमध्ये वेगळी ठेवली होती, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरे ॲप घेतले व काम पुढे चालविले. ज्यांची कागदपत्रे त्या ॲपच्याच खात्यात पडून होती, त्यांना ती तेथून सोडवून आणण्यासाठी धावपळ करावी लागली. ॲप दोघांचेही एकच होते आणि बंदीही एकच होती. फरक पडला तो कागद कोठे ठेवला होता यामुळे.

स्मार्टफोनवर कोणते ॲप घ्यावे, किती काळ वापरावे आणि केव्हा सोडावे, हा विषय वरकरणी गंभीर विवेचनाचा वाटणार नाही. विशीतल्या मुलांनी चहाच्या टपरीवर निकालात काढावा, एवढेच त्याचे महत्त्व, असे पुष्कळांचे मत असेल. परंतु पगार आणि निवृत्तिवेतन, विजेचे बिल, विम्याचा हप्ता, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, आईच्या तपासण्यांचे अहवाल आणि कुटुंबाची वीस वर्षांची छायाचित्रे हे सारे तळहाताएवढ्या पडद्यामागे जाऊन बसले, त्या दिवशी हा विषय आवडीनिवडीचा राहिला नाही. तो मिळकतीच्या व्यवस्थेचा झाला. आणि मिळकतीच्या व्यवस्थेत लवचिकता किती ठेवावी व स्थैर्य किती राखावे, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न आहे.

या बाबतीत माणसांच्या दोन तऱ्हा कोणत्याही शिक्षक-खोलीत पाहावयास मिळतात. एक तऱ्हा धरसोडीची. कोणी नवे ॲप सुचविले की ते लगेच घ्यावयाचे, चार दिवस त्याची स्तुती करावयाची आणि पाचव्या दिवशी पुढच्याकडे वळावयाचे. अशा गृहस्थाच्या फोनवर टिपणे लिहिण्याची चार आणि खर्चाचा हिशेब ठेवण्याची तीन साधने असतात, आणि गेल्या मार्चचा हिशेब त्यांपैकी एकातही पुरा नसतो. दुसरी तऱ्हा चिकटून राहण्याची. एकदा घेतले ते घेतले. अपडेटची सूचना आली की ती बाजूला सारावयाची, कारण चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावी? गंमत अशी की दोघेही स्वतःला व्यवहारी समजतात. पहिल्याला वाटते आपण कोठेही अडकलेलो नाही. दुसऱ्याला वाटते आपले कोठेही काही हलत नाही. दोघांचीही समजूत चुकीची आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात कारखान्याच्या उभारणीसंबंधी असाच पेच मांडला होता. एखादा कारखाना ठराविक उत्पादनासाठीच नेमका आखला, तर तेवढ्या उत्पादनाला त्याचा खर्च सर्वांत कमी येतो. मात्र मागणी थोडी वरखाली झाली की खर्च झपाट्याने चढतो. दुसरा कारखाना असा उभारता येतो की ज्याचा किमान खर्च थोडा जास्त असेल, परंतु मागणीचे हेलकावे तो फारशी तोशीस न पडता सोसेल. कोणता चांगला, याचे सरसकट उत्तर नाही. हेलकावे मोठे असतील तर दुसरा, नसतील तर पहिला. स्टिगलर यांच्या विवेचनातील मर्म असे की लवचिकता फुकट मिळत नसते. ती विकत घ्यावी लागते, आणि ती घेणे दूरदृष्टीचे की उधळपट्टीचे, हे परिस्थिती किती चंचल आहे यावर ठरते.

हा विचार फोनला लावला की पुष्कळ गोष्टी सरळ होतात. गजर, गणकयंत्र, विजेरी, होकायंत्र यांच्या बाबतीत कोणतेही साधन चालते. त्यांत साठत काहीच नाही, तेव्हा सोडताना गमवावयाचेही काही नाही. तेथे तुलना करीत बसण्यात वेळ घालविणे व्यर्थ होय. ज्यात वर्षानुवर्षे काही साठत जाते, त्या साधनाची गोष्ट निराळी. तेथे चंचलता आहे, आणि ती वापरणाऱ्याच्या गरजेपेक्षा बनविणाऱ्याच्या बाजूला अधिक आहे. कारखानदाराला ग्राहकाच्या लहरीची भीती असते; ॲपच्या बाबतीत ग्राहकालाच कारखानदाराच्या लहरीची धास्ती बाळगावी लागते.

उदाहरणे फार दूरची नाहीत. ‘गूगल फोटोज’ ही सेवा २०१५ साली सुरू झाली, तेव्हा ठराविक दर्जाची छायाचित्रे हवी तेवढी विनामूल्य ठेवता येतील, असे तिचे मोठे आकर्षण होते. १ जून २०२१ पासून ही सवलत नव्या छायाचित्रांपुरती संपली, आणि ती १५ जीबीच्या एकत्रित मर्यादेत मोजली जाऊ लागली. ईमेलही त्याच मर्यादेत असल्याने बारशापासून साखरपुड्यापर्यंतच्या छायाचित्रांनी जागा भरली की पत्रे येणेही अडते. टिपणे ठेवण्याच्या ‘एव्हरनोट’ या नामांकित सेवेची मालकी बदलली, आणि २०२३ च्या डिसेंबरात विनामूल्य खातेदारांना ५० टिपणांची मर्यादा घालण्यात आली. दोन्ही कंपन्यांनी पूर्वसूचना दिली होती आणि सामान बाहेर नेण्याची सोयही ठेवली होती, हे मान्य केले पाहिजे. पण सहा वर्षांचे सामान सोडवून घेणे आणि सहा दिवसांचे सोडवून घेणे यांत जो फरक आहे, त्यावरच तर या धंद्याची मदार असते. आरंभी जागा फुकट दिली जाते; भाडे लागू होते ते भाडेकरूला हलणे जड झाल्यावर.

बिऱ्हाड हलविण्याची जी किंमत, तिला अर्थशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. ती पैशांत क्वचितच दिसते. नवी पद्धत शिकण्याचे श्रम, जुन्या नोंदी आणण्यातला वेळ, वाटेत हरवणाऱ्या चार वस्तू आणि नवा पत्ता सगळ्यांना कळविण्याची यातायात, असे तिचे घटक असतात. ही किंमत कमी करता येते, याचा अनुभव देशाने एकदा घेतला आहे. २० जानेवारी २०११ पासून मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. तोपर्यंत कंपनी बदलणे म्हणजे क्रमांक गमावणे, आणि क्रमांक गमावणे म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना नव्याने कळविणे. नंतर हेच काम जास्तीत जास्त १९ रुपयांत होऊ लागले. क्रमांक स्थिर राहिला म्हणूनच ग्राहकाला कंपनी सोडणे परवडू लागले. एका जागचे स्थैर्य दुसऱ्या जागी मोकळीक देते, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसली.

निरोपांच्या ॲपना मात्र हे औषध लागू पडलेले नाही. तेथे एकट्याने बिऱ्हाड हलवून उपयोग नसतो, कारण साधनाचे मोल त्यावर असलेल्या माणसांत असते. ‘व्हॉट्सॲप’विषयी कुरकुर करणारा मनुष्य दुसरीकडे जाऊन पाहतो, तेथे त्याला दोन पुतणे आणि एक अपरिचित गृहस्थ भेटतात, आणि तो मुकाट्याने परत येतो. स्वदेशी म्हणून एखाद्यावर भरवसा टाकावा, तर तोही इतिहास फारसा आश्वासक नाही. भारतीय भाषांतील चित्रचिन्हांसाठी नावाजलेले ‘हाइक’ हे निरोपांचे ॲप जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. मराठीसह अनेक देशी भाषांत लिहिण्याची सोय देणारे ‘कू’ २०२० मध्ये आले आणि जुलै २०२४ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. देशाभिमान आणि धंद्याचे आयुष्य यांचा परस्परांशी संबंध नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

पैसे पाठविण्याच्या बाबतीत मात्र भारताने निराळा मार्ग काढला, आणि तो तपशिलात पाहण्याजोगा आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय ही व्यवस्था आणली. तिची रचना अशी की पैसे राहतात बँकेत, एका बँकेतून दुसरीत जाण्याची वाट सर्वांसाठी एकच, आणि ॲप हे त्या वाटेवर उघडणारे केवळ एक दार. भाजीवाल्याच्या गाडीवरील चौकटीचे चिन्ह कोणत्याही ॲपने वाचता येते. त्याचे आणि गिऱ्हाइकाचे ॲप एकच असावे लागत नाही. निरोपांच्या जगात जे अशक्य होऊन बसले, ते येथे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेले आहे.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, आणि तिच्यामार्फत काम चालविणारे ‘फोनपे’ सुमारे एक दिवस बंद पडले. कोट्यवधी लोकांचे दार एकाएकी लागले. पण ज्या ॲपनी एकाहून अधिक बँकांशी जोडणी ठेवली होती ती चालू राहिली. आणि ज्यांच्या फोनवर असे दुसरे ॲप होते, त्यांना आपल्याच बँकेतील आपलेच पैसे त्या दाराने वापरता आले. ‘फोनपे’ने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँकेचा आधार घेतला व नंतर तेही एकाहून अधिक बँकांशी जोडले गेले. पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर तेथील खात्यांत नवी रक्कम घेण्यास मनाई झाली. ज्यांचे बँक खाते अन्यत्र होते आणि पेटीएम हे केवळ दार होते, त्यांचे व्यवहार इतर बँकांमार्फत चालू राहिले. ज्यांनी खाते, पाकीट आणि टोलनाक्यावरचा फास्टॅग असे सारे त्याच एका ठिकाणी ठेवले होते, त्यांना मात्र व्यवस्था नव्याने लावावी लागली.

या दोन घटनांतून सामान्य नोकरदाराने घेण्याजोगा बोध अगदी साधा आहे. दोन बँकांची खाती आणि दोन निराळी ॲप जवळ ठेवण्यास नगण्य खर्च येतो. दुसरे ॲप महिन्यातून एकदा वापरले तरी पुरे. ही लवचिकता खरोखरच स्वस्त आहे. उलट पाच ॲप ठेवण्याने ती अडीचपट होत नाही. फसवणुकीला वाटा तेवढ्या वाढतात, आणि कोणत्या ॲपमधून कोणता हप्ता आपोआप वळता होतो याचा विसर पडतो. दोनाच्या पुढची लवचिकता बहुधा करमणूक असते.

यूपीआयचे गुणगान करताना एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. वाट सर्वांना मोकळी असूनही पाचांपैकी चारांहून अधिक व्यवहार ‘फोनपे’ आणि ‘गूगल पे’ या दोनच दारांतून होत आले आहेत. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असे बंधन २०२० मध्ये जाहीर झाले; त्याच्या अंमलबजावणीची मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत लांबविण्यात आली. बाहेर पडणे सोपे असले म्हणजे लोक बाहेर पडतातच असे नाही. सवय हीदेखील एक कडीच असते, आणि ती कोणत्याही नियमाने निघत नाही.

कागद कोठे ठेवावा याइतकाच तो कोणत्या लिपिसंकेतात ठेवावा, हा प्रश्न मराठी माणसाने तर फार मोल देऊन शिकलेला आहे. संगणकावर मराठी टंकलेखन सुरू झाले त्या काळातील ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ यांसारखे टंक देवनागरी अक्षरे स्वतःच्या खासगी संकेतात साठवीत. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. टंकलेखन वेगाने होई, छपाई सुरेख होई. तक्रारीला जागा नव्हती. पुढे युनिकोड सर्वत्र आले व फोनवर तर तेच रूढ झाले. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीला जागा होती. आणि मग कचेऱ्यांतील, छापखान्यांतील, अध्यापकांच्या घरांतील हजारो फाइली जागच्या जागी मुक्या झाल्या. रूपांतर करता येते, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांची पुन्हा तपासणी कोणी करावी? ज्यांनी आरंभीचा त्रास सोसून युनिकोड धरले, त्यांचे पंधरा वर्षांपूर्वीचे टिपण आज कोणत्याही फोनवर, कोणत्याही ॲपमध्ये उघडते. साधी मजकुराची फाइल, पीडीएफ, सर्वत्र उघडणारे छायाचित्र आणि स्वल्पविरामांनी विभागलेला हिशेबाचा तक्ता ही रूपे दिसावयास ओबडधोबड आहेत. पण मालक बदलला, भाव वाढला किंवा बंदी आली, तरी ती वाचता येतात. ॲप घेण्यापूर्वी त्यातून अशा रूपात काही बाहेर काढता येते की नाही, एवढे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. त्याला दिलेल्या तारकांची संख्या पाहण्यातही तेवढीच जातात.

राहिला प्रश्न अपडेट टाळणाऱ्यांचा. त्यांचे स्थैर्य हा दृष्टिभ्रम होय. फोनची प्रणाली जुनी झाली की बँकांची ॲप तिच्यावर चालेनाशी होतात, निरोपांची ॲपही ठराविक काळाने जुन्या फोनांचा आधार काढून घेतात, आणि सुरक्षेची भगदाडे न बुजविलेला फोन चोराला आमंत्रण देतो. न हललेली भिंत आणि खचत चाललेली भिंत लांबून सारखीच दिसते. नवे रूप लगेच न घेता आठवडाभर थांबणे शहाणपणाचे असू शकेल. वर्षभर थांबणे तसे नव्हे.

येथवरच्या विवेचनात एक गृहीत आहे, ते असे की निवड ज्याची त्याच्या हाती आहे. लाखो माणसांच्या बाबतीत ते खरे नाही. अंगणवाडी सेविकांना नोंदींसाठी आधी एक ॲप देण्यात आले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे दुसरे आणले. जुन्या फोनांची स्मृती तोकडी, ते तापत आणि मध्येच अडत; दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या मानधनावर पडे; आणि ज्यात नोंद करावयाची ते नवे ॲप मराठीत नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे मांडले की एखादी संस्था बिघडू लागली म्हणजे तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. सेविकांना ॲप सोडून जाण्याची मुभा नव्हती, कारण मानधन आणि नोंद एकमेकांत गुंतलेली होती. त्यांनी फोन परत करून सोडून जाण्यालाच आवाजाचे रूप दिले. त्या लवचिकता मागत नव्हत्या आणि स्थैर्यही मागत नव्हत्या. ज्याला काम करावयाचे त्याला विचारले जावे, एवढीच त्यांची मागणी होती. शाळांतून हजेरीसाठी एक, पोषण आहारासाठी दुसरे आणि प्रशिक्षणासाठी तिसरे ॲप सांभाळणाऱ्या शिक्षकांना ती अपरिचित वाटणार नाही. वरिष्ठांनी ॲप बदलण्याची लवचिकता स्वतःकडे ठेवावयाची आणि बिऱ्हाड हलविण्याची किंमत मात्र खालच्यांनी भरावयाची, असा हा हिशेब आहे.

कायद्याने या बाबतीत हात द्यावयास हवा होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ साली तयार केलेल्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला होता. २०१९ च्या विधेयकातही तो राहिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, तेव्हा माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकविण्याचा हक्क उरला. बरोबर घेऊन जाण्याचा गळाला. युरोपात हा हक्क मे २०१८ पासून अमलात आहे, आणि मार्च २०२४ पासून तेथील मोठ्या निरोप-सेवांवर, मागणी झाल्यास इतर सेवांशी जोडणी देण्याचेही बंधन आहे. मोबाइलचा क्रमांक बरोबर नेण्याची मुभा ज्या देशाने २०११ मध्ये दिली आणि यूपीआयसारखी सामायिक वाट २०१६ मध्ये बांधली, त्या देशाने नेमक्या याच ठिकाणी हात आखडता का घेतला, याचे समाधानकारक उत्तर संसदेतील चर्चेतून मिळालेले नाही.

सरकारी कचेऱ्यांना मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणतेही नवे ॲप सक्तीचे करणाऱ्या परिपत्रकात तीन ओळी अधिक घालता येतील: जुन्या ॲपमधील नोंदी कोणाच्या हस्ते व कोणत्या रूपात नव्यात येतील, शाळेला किंवा अंगणवाडीला त्यांची स्वतःची प्रत कशी मिळेल, आणि हे ॲप बंद झाल्यास त्या नोंदींची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे राहील. तिसऱ्या ओळीत पदनाम लिहिण्याची वेळ आली, की कित्येक नवी ॲप मंजुरीच्या टेबलावरच थांबतील.